ताटावरचा प्रश्न

आमच्या घरात जेवताना टीव्ही लागत नाही, मी प्रश्न विचारतो. बायको त्याला ‘ताटावरचा प्रश्न’ म्हणते आणि घास सुखाने गिळू देत नाही म्हणून कुरकुरते. पण मी विद्यापीठात शिकवतो, आणि परीक्षेचा पेपर काढायचा तर प्रश्न आधी कुणावर तरी घासून बघावा लागतो. पुतणी पाचवीत आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ती माझी कसोटी. तिने चटकन उत्तर दिलं तर प्रश्न सोपा, जेवायची थांबली तर बरा, आणि ताट बाजूला सारून भांडायला लागली तर उत्तम.

विहिरीचा प्रश्न उत्तम निघाला होता. गावातल्या विहिरीचं पाणी अचानक खारट झालं. तुम्हाला तीनच प्रश्न विचारायची मुभा आहे, तर कुणाला काय विचाराल? त्या दिवशी आमची जेवणं गार झाली. पहिला प्रश्न रोज पाणी भरणाऱ्यालाच विचारायचा, आणि तोही ‘का बिघडलं’ असा नाही तर ‘कधीपासून’ असा, हे आम्ही दोघांनी भांडून भांडून ठरवलं. मी खूश होऊन तो प्रश्न ऑनर्सच्या मुलाखतींसाठी, मी ज्या निवड समितीवर आहे तिच्याकडे पाठवून दिला. पुतणी तेव्हा अर्ज करणारच नव्हती. तो तिने शेवटच्या दिवशी केला, बायकोने डोकं खाल्लं म्हणून.

ऑनर्सला निवड झाली की पदवी होईपर्यंतची फी शिष्यवृत्तीतून जाते. यंदा शेवटच्या जागेसाठी दोघी उरल्या होत्या. एक पुतणी आणि दुसरी माझ्याच वर्गातली, एका बसड्रायव्हरची मुलगी. पुतणीची फी माझ्या भावाने सहज भरली असती. त्या मुलीने मात्र मला आधीच सांगून ठेवलं होतं, की हे नाही जमलं तर शिक्षण सोडून मावशीच्या दुकानात बसायचं.

आज सकाळी अध्यक्षांनी दोघींसाठी एकच चिठ्ठी उचलली, ती नेमकी माझ्या विहिरीच्या प्रश्नाची. मला अभिमान वाटला, दुसरं काही मनात आलं नाही. ड्रायव्हरची मुलगी आधी आली. तिने पहिला प्रश्न पाणी तपासणाऱ्यावर वाया घालवला, दुसऱ्याला सावरली, आणि तिसरा असा विचारला की मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. मग पुतणीचं नाव पुकारलं आणि मी उठून बाहेर गेलो. नातेवाईक असला की खोलीत थांबायचं नाही, हा नियम मीच आग्रह धरून करवून घेतला होता. बाहेरच्या बाकावर मी ताठ बसलो. शिपायाने चहा आणून दिला, वर म्हणाला की असे सर आता राहिले नाहीत. तो चहा मी चवीने प्यायलो.

पुतणी अर्ध्या गुणाने वर आली.

संध्याकाळी बायको शेजारी बातमी सांगायला गेली, तेव्हा पुतणी ओले हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

“काका, थँक्यू. विहिरीसाठी.”

तो प्रश्न आपण घरी सोडवला होता हेच मी विसरलो होतो, असं तिला सांगितलं. ते खरं होतं. निदान तिच्याकडे बघेपर्यंत मला ते खरं वाटत होतं.

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत,” ती म्हणाली. “म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. जरा वेळ अडखळल्यासारखं केलं. तुमच्याकडे कुणी बोट दाखवायला नको.”

लहानपणापासून या मुलीला मी उत्तरं शोधायला शिकवत आलो आणि ती माझ्यासाठी अडखळायला शिकली. मला तिची नाही, माझी लाज वाटली. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता अध्यक्षांना फोन करतो. जागा जाईल का, असं तिने विचारलं. जाईल, मी म्हणालो. तिने डोळे पुसले आणि स्वतःच माझा फोन आणून दिला.

अध्यक्षांनी फोन उचलताच अभिनंदन सुरू केलं. मी म्हणालो, सर, एक सांगायचं होतं. आमच्या घरी असल्या विषयांवर नेहमी गप्पा होतात, मुलीला त्याचा थोडाफार फायदा झाला असेल, समितीला ते कळलेलं बरं.

ते हसले. “अहो, कुठल्या घरात होत नाहीत? आणि तुम्ही तर बाहेर जाऊन बसला होतात. तुमच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. झोपा आता निवांत.”

आपलं मोठेपण आहे सर, असं काहीतरी मी बोललो आणि फोन ठेवला. सांगायचं ते सांगून झालं, आता निर्णय त्यांचा. मला अगदी हलकं वाटलं.

पुतणी समोरच उभी होती.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही विहिरीचं नावच काढलं नाहीत.”