टाकीचं झाकण

"बस तुम्ही बंद केलीत, आणि उशिराचा शेरा माझ्या नावावर?"

तिने हेल्मेट व्यवस्थापकाच्या टेबलावर आपटलं. पेनांचा डबा लवंडला. एक पेन घरंगळत कडेपर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. व्यवस्थापकाने ते उचललं नाही. टेबलावर कुणी मेलेली कोंबडी आणून टाकावी, तसा तो हेल्मेटकडे बघत राहिला.

"आवाज खाली."

"इतके दिवस खालीच होता. बस होती तेव्हा मी एकदा तरी उशिरा आले का? सांगा ना, एकदा? मूठभर माणसांसाठी बस परवडत नाही म्हणून तुम्ही वर बसून ठरवलंत. गेटवर कागद चिकटवलात आणि मोकळे झालात. आता आम्ही काय उडत यायचं?"

"बाकीचे येतात की वेळेवर."

"बाकीचे कंपनीच्या भिंतीला लागून राहतात."

तो खुर्चीत रेलला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडायला निदान मजा तरी येते. हा नुसता वरून आलेलं खाली ढकलणारा होता.

"हे बघा, मी तुमच्या विरोधात नाही. बरण्यांच्या लाइनवर तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नाही, असं मीच वर कळवलंय. पण कायम करायची वेळ आली की वरचे लोक कान बघत नाहीत, हजेरी बघतात. तुम्ही म्हणता, गाडी बंद पडते. वडील मिस्त्री, नावाजलेले, हेही तुम्हीच सांगितलंत. मग मिस्त्रीच्या घरची गाडी रोज कशी बंद पडते?"

"माझ्या बापावर जाऊ नका."

"जात नाही. विचारतोय."

"गाडी जुनी आहे."

"मग नवी घ्या."

"तुम्ही देता त्या पगारात? चाक येईल. एक."

व्यवस्थापकाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. "आज घरी जा. डोकं शांत करा. उद्या वेळेवर आलात तर तुमचं नाव पुढे पाठवतो. नाही आलात तर माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात कधी असतं?" असं म्हणून ती बाहेर पडली. दार आपटायचं होतं, पण त्याला वरती स्प्रिंग होती. ते आपलं सावकाश, सभ्यपणे लागलं.

गेटबाहेर आल्यावर तिला कळलं की हेल्मेट आतच राहिलं. परत जाऊन ते मागणं म्हणजे थुंकलेलं चाटणं. तिने ओढणी डोक्याभोवती गुंडाळली, पण ती पहिल्याच वाऱ्याला सुटली. मग तिने ती कमरेला बांधली आणि किक मारली.

तिचं काम असं की, लाइनवरून आलेल्या जॅमच्या बरण्यांतली एक उचलायची, कानाशी धरायची आणि झाकण फिरवायचं. झाकण नीट बसलेलं असेल तर आत हवा नसते. मग उघडताना बरणी श्वास ओढते, 'फुस्'. तो आवाज आला नाही किंवा अर्धवट आला, तर सगळा माल बाजूला. मशीनच्या खडखडाटात तो श्वास ऐकणं सोपं नव्हतं. शेजारी उभी राहणारी काकू म्हणायची, "तुझ्या कानात बापाने कान बसवलाय."

ते खरंच होतं. बाबांना सगळी वस्ती कानमास्तर म्हणायची. रस्त्यावरून गाडी गेली की दारात बसल्या जागी ते सांगायचे, हिची चेन ढिली आहे, त्याचा प्लग मरतोय. अर्धे लोक तर दुरुस्तीला न येता नुसते दारावरून गाडी नेऊन आणायचे. निदान फुकट, दुरुस्ती दुसरीकडे. बाबा शिव्या द्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगायचे.

बस बंद झाली तेव्हा जुनी मोटारसायकल घ्यायची कल्पना त्यांचीच. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या अंगणात ती ताडपत्रीखाली पडली होती. सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकी गंजलेली, आरसा एकच आणि तोही आकाशाकडे बघणारा. शिंप्याने किक मारून मारून घाम काढला. शेवटी ती खोकली, थरथरली आणि चालू झाली. बाबा डोळे मिटून उभे राहिले.

"काळीज शाबूत आहे हिचं," ते म्हणाले. "फक्त कुणी विचारपूस केलेली नाही."

मग रविवारमागून रविवार. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये भिजवून एकेक बारीक भोक तारेने मोकळं केलं. ब्रेक शू बदलले, चेन बदलली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्याने ओढल्या. टाकीतला गंज काढायला आत मूठभर नटबोल्ट टाकले आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती तासभर हलवली. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "काय कानमास्तर, टाकीला झोपवताय का?" बाबांनी खरंच अंगाई धरली, आणि तिच्या हातून हसता हसता टाकी निसटता निसटता राहिली.

गंज गेल्यावर टाकीला एका जोडाशी बारीक पाझर लागला. बाबांनी मोरीतली साबणाची वडी आणून त्यावर घासली. पाझर थांबला.

"साबण?" तिने विचारलं.

"पाण्यापुढे विरघळतो, पेट्रोलला दाद देत नाही. लक्षात ठेव, चिमे. वाटेत अडलीस तर उपयोगी पडेल." पुढच्या आठवड्यात त्यांनी तो जोड पक्का करून आणला. साबण तेवढ्यापुरता.

सुरुवातीला गाडी लोण्यासारखी चालली. ती वेळेच्या आधी पोचायची आणि गेटवरच्या पहारेकऱ्यालाच विचारायची, "उशीर केलात आज?"

मग एका संध्याकाळी तिने घरात शिरताशिरता सांगितलं की, कायम झालेल्यांना दुसऱ्या शहरातल्या नव्या कारखान्यावर पाठवणार आहेत. राहायला खोली, हाताखाली माणसं. कायम करायच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे.

"अरे वा," बाबा म्हणाले. "अरे वा, वा." आणि उठून मोरीत हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली.

रोज नाही. पण टाकी भरली की हमखास. पेट्रोल बाबाच भरून आणायचे, तेवढंच आपलं काम म्हणायचे. गाडी अर्ध्या वाटेपर्यंत छान जायची, मग आवाज बारीक व्हायचा, गाडी दोन-तीन आचके द्यायची आणि मान टाकायची. बाबांनी एक तोडगा सांगून ठेवला होता. "घाबरायचं नाही. कडेला घे. झाकण उघड, टाकी हलव, झाकण लाव, किक मार." तसं केलं की ती चालू व्हायची. पुढे गेलं की पुन्हा तेच. ती लवकर निघाली तरी वाचवलेला वेळ रस्ता खायचाच.

रविवारी बाबा पुन्हा सगळी गाडी उघडायचे. टाकी काढताना झाकण मात्र स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे, हरवू नये म्हणून. काही सापडायचं नाही. पंक्चरवाला आता मोठ्याने म्हणायचा, "कानमास्तर, आधी कान सर्व्हिसिंगला टाका!" बाबा त्याच्याबरोबर हसायचे. तिला ते हसणं सहन व्हायचं नाही. एकदा ती पंक्चरवाल्याच्या अंगावर धावून गेली होती. "जन्मभर फुकट निदान घेतलंस ना रे, आता म्हातारपणी टिंगल करतोस?" बाबांनीच तिला दंडाला धरून मागे ओढलं. "जाऊ दे चिमे. गेलाच असेल कान."

आज घरी परतताना गाडीने मान टाकली ती गोदामाच्या लांबलचक भिंतीपाशी. ट्रक नव्हते, माणूस नव्हतं. तिने गाडी स्टँडला लावली आणि नेहमीच्या सवयीने झाकण फिरवलं.

टाकीने श्वास ओढला. फुस्.

ती तशीच वाकलेली राहिली. इतके दिवस हे कानावर पडलं नव्हतं, कारण डोक्यावर हेल्मेट असायचं आणि बाजूने गाड्या धडधडत असायच्या. तिने झाकण लावलं, किक मारली, वळणापर्यंत गेली. पुन्हा आचके. पुन्हा झाकण. पुन्हा श्वास. हजारात ओळखला असता तिने तो आवाज.

तिने झाकण उलटं केलं. त्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, ती त्या भोकातून येते. भोक बुजलं, तर टाकी जितकी भरलेली तितकी गाडी लवकर मान टाकते. हेही बाबांनीच शिकवलं होतं, पहिल्याच रविवारी. भोकात पिवळट काहीतरी नीट ठासून भरलं होतं. तिने ते नखाने किंचित खरवडलं, बोटावर थुंकी घेऊन चोळलं.

फेस आला.

रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर ती बसली. बोट पुसलं. पुन्हा पुसलं. मोरीतल्या साबणाच्या वडीला कोपऱ्यात खाच पडलेली तिने पाहिली होती. "उंदीर लागलाय," बाबा म्हणाले होते. त्यांनी पिंजरासुद्धा लावला होता. रोज पावाचा ताजा तुकडा टाकायचे आणि सकाळी रिकामा पिंजरा बघून म्हणायचे, "हुशार आहे लेकाचा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या दगडावर कळलं. शत्रू सुरी आणतो, त्याची निदान चमक दिसते. इथे तिला तोडगाही त्याच हाताने दिला होता. रस्त्यात अडकू नये, फक्त उशीर व्हावा, इतका हिशेबी होता तो हात. आणि त्या हातासाठी ती आत्ता एका साहेबाशी भांडून आली होती.

तिने डोक्यातली पिन काढली. टोक भोकावर टेकवलं. एक ढोसणी दिली की काम होतं. मग तिने पिन परत केसांत खोचली, झाकण होतं तसं लावलं आणि थांबतथांबत पेट्रोलपंपापर्यंत आली.

"फुल करा."

"ताई, आहे की बरंच."

"काठापर्यंत करा. आत हवेला जागा ठेवू नका."

पंपवाल्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नळी टाकीत घातली.

बाबा दारात चौरंगावर बसून कानशीने काहीतरी घासत होते. पंपावरून घर जवळच होतं. गाडी वळणावर असतानाच ते उठून उभे राहिले. म्हणजे कान गेला नव्हता.

"आज एवढ्यात?"

"घरी पाठवलं."

"काढलं का?"

तिने ऐकलं. बरणी ऐकावी तसं ऐकलं. प्रश्नात काळजी होती. काळजीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, सुटल्यासारखं. बाबांनी चिंधी उचलली आणि ते स्वच्छ हात पुसायला लागले.

तिने गाडी बंद केली नाही. तिथेच स्टँडला लावली आणि रेस धरून ठेवली. "बाबा, ऐका जरा हिला. काय झालंय सांगा."

"माझा कान आता कुठे राहिला गं."

"ऐका तरी."

"किती रेस देतेस! अगं, तापेल ती."

"तापू दे."

समोरचा पंक्चरवाला ट्यूब हातात धरून बघायला लागला. गाडी कडकडत राहिली. बाबा चिंधी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. तिने रेस सोडली नाही. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग तिला आधी ते ऐकू आलं. आवाजाची कड बारीक झाली. बापाची मान किंचित कलली. त्यांनाही ऐकू आलं होतं.

गाडीने पहिला आचका दिला.

बाबांचा हात पुढे आला. प्लगकडे नाही, कार्ब्युरेटरकडे नाही, पेट्रोलच्या कॉककडेही नाही. सरळ झाकणावर. जन्मभर गाड्या वाचवलेला हात तो, विचारायला थांबला नाही.

तिने त्या हातावर आपला तळवा दाबून धरला. दोघांचे हात झाकणावर राहिले. गाडीने आणखी एक आचका दिला, मग एक लहानसा, आणि विझली.

एवढी शांतता झाली की पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टबातले बुडबुडे ऐकू येत होते.

"पाणी आणतो तुला," बाबा म्हणाले. हात सोडवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"पाणी नको."

"चिमे..."

"सकाळी साहेबाला तोंडावर विचारून आले, आणि वर तुमची बाजू घेऊन आले. आता तुम्हाला विचारते. कान गेला म्हणू नका. उंदीर म्हणू नका." तिने हाताचा दाब वाढवला. "का केलंत, बाबा? बोला."