शिडाच्या जहाजाचं नाणं

ये, असा जवळ सरक. पंख्याची घरघर फार आहे आणि हे मला मोठ्याने सांगवत नाही. एका बापाची गोष्ट सांगतो, शेवटपर्यंत ऐक.

सत्तावन्न साल. कुवेतला, मिरकाब मोहल्ल्यात आम्ही कोकणातले सहा जण एका खोलीत राहायचो. दर शुक्रवारी नमाजनंतर मौलूद व्हायचं. पैगंबरसाहेबांची जन्मकथा गाऊन सांगायचा तो हर्णैचा जाफर. काय गळा दिला होता अल्लाने! त्याने सूर लावला की माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या.

जाफर मीना अल-अहमदीला, तेलाच्या बंदरावर, साहेबलोकांच्या मेसमध्ये वाढपी होता. तिथला एक कॅनडाचा इंजिनियर आपल्या देशाची चिल्लर त्याला बक्षीस द्यायचा. तीन वर्षांत बिस्किटांचा डबा भरला. काही नाणी शिंगवाल्या हरणाची, काही शिडाच्या जहाजाची, काही घुशीसारखं जनावर असलेली, बारा कोनांची. बँकवाला म्हणाला, आम्ही नोटा घेतो, चिल्लर नाही. जाफरला त्याचं काही वाटलं नाही.

"चांदी आहे ती. वितळवून मुनिराचे तोडे करीन."

मुनिरा त्याची लेक, लग्न ठरलेली. मुलाच्या आईने साफ कळवलं होतं, पायात चांदीचे तोडे असतील तरच निकाह.

जाफरची गावी जायची बोट सोमवारची. शुक्रवारी मौलूद आटोपलं, सरबत झालं आणि बदरुद्दीन चुंबक घेऊन बसला. हाही हर्णैचाच, वर्कशॉपमधला फिटर.

"आण तुझा खजिना, जाफरमियाँ. सोनाराकडे न्यायच्या आधी खरंखोटं तरी बघू."

"खोटं कशाला असेल, बदरुद्दीनभाई? साहेबाने हाताने दिलंय."

"साहेबालाही कुणीतरी गंडवलं असेल ना! आमच्याकडे चुंबकच सांगतो, लोखंड कुठलं न् कचरा कुठला."

बारा कोनांची नाणी टपाटप चिकटली. हरणं आणि जहाजं खालीच राहिली.

"चिकटलं ते अस्सल," बदरुद्दीन म्हणाला. "बाकी सगळी बनावट. ही घेऊन सूकच्या बाजारात गेलास तर पोलीस धरतील. मग बोट गेली, निकाहही गेला."

जाफरचं तोंड उतरलं. "मग काय करू?"

"मी समुद्रात टाकून येतो. तुझ्यासाठी एवढं करीन."

खोलीतले गालात हसत होते. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझा मामा सोनाराच्या पेढीवर होता. पण वाटलं, मस्करी आहे, संध्याकाळी परत देईल. मीसुद्धा हसलो. जाफरने दोन्ही हातांनी बदरुद्दीनचा हात धरला. म्हणाला, "तुमच्यामुळे अब्रू वाचली, भाई."

संध्याकाळ झाली. शनिवार गेला, रविवार गेला. बदरुद्दीनने जाता-जाता माझ्या मुठीत जहाजाचं एक नाणं कोंबलं. मी मूठ मिटली. सोमवारी जाफर बारा कोनांची नाणी घेऊन बोटीवर चढला.

पुढचं जाफरच्या बायकोच्या, जमिलाच्या पत्रातून कळलं. दापोलीच्या सोनाराने बारा कोनांची नाणी हातात घेतली आणि गिऱ्हाइकांना बोलावून दाखवली. निकेल! याचे तोडे घातले तर पोरगी गंजेल, म्हणाला. दुकानभर लोक हसले. मुलाच्या आईने सुपारी परत पाठवली. त्याच महिन्यात त्याच घरात बदरुद्दीनची पुतणी सफिया सून म्हणून गेली. पायात चांदीचे तोडे, कुवेतच्या सूकमधून घडवून आलेले.

जाफर कुवेतला परत आला नाही. गावच्या मौलूदला त्याला बसवायचे, पण सूर लावायच्या आधीच उठून जायचा. तीन वर्षांनी वारला. मुनिरा घरीच राहिली.

ते नाणं अजून माझ्याकडे आहे. बघ, शिडं कशी फुगलीत. याची किंमत मला कुणी विचारू नये.

बाळा, उद्या मौलूदला बसशील तेव्हा दुवेत हर्णैच्या जाफरचं नाव घे. माझं नको घेऊस. त्याचंच घे.