दोघी बहिणींचं खातं

मित्रांनो, मला वजन नाही, रूप नाही, उंदीरही मला कुरतडू शकत नाही. तरी वयाने मी जुनाच बरं का! एका घाऊक कापडदुकानाच्या संगणकात राहणारं मी एक गिऱ्हाईकाचं खातं. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींसाठी तिथल्या कारकुनाने मला उघडलं, पण माझ्यात नाव घातलं एकट्या थोरलीचं.

थोरली मोठी शिस्तीची. कोणत्या हॉस्पिटलच्या नर्सना गणवेशासाठी कोणता निळा लागतो, हे तिने माझ्यात नीट नोंदवून ठेवलं होतं. धाकटी मात्र तिचाच पासवर्ड वापरून खुशाल माल मागवायची. "आपल्या दोघींत कसलं आलंय तुझं-माझं!" असं म्हणायची. मलाही ते गोड वाटायचं.

मग थोरलीला अर्धांगवायू झाला. तिची वाचाही गेली. लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली आणि तिच्याबरोबर मोबाइलही गेला. मला उघडायचं तर ओटीपी त्याच मोबाइलवर यायचा! धाकटीची पंचाईत झाली. कारकून घाईत होता. त्याने तिला सरळ दुसरं, कोरं खातं उघडून दिलं. मी आपला एका कोपऱ्यात पडून राहिलो. कुणी ढुंकूनही पाहीना. फार वाईट वाटलं.

त्या कोऱ्या खात्याला काय कळणार? धाकटीने अंदाजाने निळा मागवला, तो आला भलताच फिका. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी कापड परत केलं. "जुना रंग आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देते." दोघींचं शिवणाचं दुकान त्याच कामावर उभं होतं. धाकटी रडवेली होऊन कारकुनाकडे आली.

कारकुनाने शोधलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुमचं खातं इथेच आहे की! मी उगाच दुसरं उघडून बसलो." त्याने कोरं खातं बंद केलं. धाकटीचं नाव आणि तिचा मोबाइल माझ्यात घातला. तो निळाही सापडला. मग त्याने विचारलं, "ताईंचं नाव काढून टाकू?"

मी तर श्वासच रोखला.

"नको हो भाऊ. मागवता नाही आलं तरी तिला बघता येऊ दे."

बरोबर रंगाचं कापड गेलं, काम टिकलं. आता थोरली लेकीच्या घरी रोज दुपारी मोबाइलवर मला उघडते आणि धाकटीने काय मागवलंय ते बघत बसते. बदलता काहीच येत नाही तिला.

परवा तिचं मला बघून झालं आणि थोड्याच वेळात धाकटी धावत दुकानात आली. "भाऊ, मागणीत बटणं घाला, मी विसरलेच होते! ताईचा फोन आला. इतके दिवस नुसती हुं हुं करायची. आज स्पष्ट म्हणाली, 'बटणं'." ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, राबणाऱ्या प्रत्येकाला त्याचं स्वतःचं नाव द्या. आणि दमलेल्या माणसाचं नाव पुसायची घाई करू नका. त्याचं लक्ष अजून कामातच असतं.