मेजरसाहेबांच्या टाकीतलं शेवाळ

शेवाळ म्हटलं की कुणाला विहिरीच्या पायऱ्या आठवतात, कुणाला पाय घसरून आपटलेला पाहुणा. निकिताला आठवायचा न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता. तसाच लिबलिबीत, तसाच ओढत राहावं तरी संपत नाही असा, फक्त हिरवागार. आणि तो न्हाणीघरात नव्हता. भिंगारच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत, आल्या-गेल्याची पहिली नजर पडेल अशा जागी, काचेच्या टाकीत तो डुलत होता. डुलत! जणू काही शॅम्पूच्या जाहिरातीत काम करतोय.

"ई ऽऽ शी!" निकितानं बोटांत धरून एक झुपका उपटला. तो सुटताना पाण्यातून बारीक धूर निघावा तसा गाळ उठला आणि बोटांना अशी काही बुळबुळ लागली की तिला आपलाच हात कापून बाजूला ठेवावासा वाटला. वास तर विचारूच नका. शिळं अंडं, ओला मोजा आणि वर थोडा समुद्र.

खरं तर ही टाकी म्हणजे निकिताची शान होती. तिचे पप्पा, अंगद, लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. तिथल्या मेजरसाहेबांनी हौसेनं समुद्र पाळला होता. हो, समुद्रच! खारं पाणी, खडक, त्यावर शर्टाच्या बटणांएवढी रंगीत प्रवाळं, चार गोगलगाई आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे. जिथून समुद्र बघायला जायचं तर रात्रभर एसटीत बसावं लागतं अशा गावात! निकिता दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन नाक काचेला लावून बसायची, प्रश्न विचारून साहेबांचं डोकं खायची. साहेबांची बदली डोंगरात झाली तेव्हा ते पप्पांना म्हणाले, "टाकी निकिताला देतो. पोरीला कळतं त्यातलं."

ते वाक्य निकितानं दहावी 'ब'मधल्या प्रत्येक मुलीला निदान दोनदा ऐकवलं होतं.

पण साहेबांनी एक अटही घातली होती. पुण्याचा त्यांचा एक मित्र, अनीश नावाचा, याच छंदातला. तो कधीतरी येऊन टाकी बघेल. मासे, प्रवाळ धड असतील तर टाकी कायमची निकिताची. नसतील तर तो सगळं घेऊन जाईल, आणि तेव्हा रुसायचं नाही.

तो अनीश या रविवारी येणार होता. आणि टाकीत हे असं जंगल माजलेलं.

निकितानं काय नाही केलं? व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. शेवाळाला उजेड लागतो म्हणून दिवा कमी वेळ लावायला सुरुवात केली. नळाच्या पाण्यात काहीबाही असतं म्हणून जारचं पाणी आणून त्यात पुडीतलं समुद्री मीठ कालवून तेच घातलं. खडक बादलीत काढून जुन्या टूथब्रशनं घासले. घासताना हिरवे शिंतोडे उडायचे, एकदा थेट ओठावर. त्या दिवशी तिनं तीनदा दात घासले, अर्थात वेगळ्या ब्रशनं. फेस गोळा करणारं जे यंत्र होतं, त्याच्या वाटीत तपकिरी काढा साठायचा, तो ओतायला ती श्वास रोखून पळत मागच्या नालीपर्यंत जायची. एवढं करून चार दिवसांत शेवाळ पुन्हा हजर! बटणांएवढ्या प्रवाळांवर तर त्याचं पांघरूण पडलेलं. प्रवाळांचा एक झुपका कसाबसा उघडा होता, दुसरा मिटून बसलेला.

"गोठा परवडला," पप्पा नाकाला रुमाल लावून म्हणाले. "निदान दूध तरी मिळालं असतं."

"आमच्या म्हशीला बी असला वास येत न्हाई," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्या म्हणाली.

पुष्पावती आत्या पप्पांची थोरली बहीण. पाथर्डीकडच्या गावाहून दोन-अडीच महिन्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती, ती दुसऱ्या डोळ्याचंही करून घेऊन, काळा चष्मा लावून अजून मुक्कामालाच होती. आत्या माळकरी. ती आल्यापासून घरातलं अंडंसुद्धा मागच्या ओट्यावर, स्टोव्हवर, चोरासारखं शिजायचं. आणि एकदा तिनं कुल्फी असेल म्हणून फ्रीजरमधला डबा उघडला होता. आत माशांसाठी आणलेल्या गोठवलेल्या बारक्या कोळंबीच्या वड्या. केवढा गहजब! "दुधाच्या पातेल्याशेजारी मेलेले किडे! अगं, डोळं असत्यात त्याला, डोळं! माझ्याकडं बघत हुतं!" आत्यानं डबा चिमट्यात धरून कचराकुंडीत टाकला, चिमटाही टाकला, आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तेव्हापासून मासे कोरड्या दाण्यांवर होते, आणि निकिता चिमूटभरच घालायची. जास्त घातलं की उरलेलं सडतं आणि शेवाळाला खत मिळतं, हे तिला पाठ होतं.

खत! म्हणून तर तिचं डोकं चालेना. आपण खत घालत नाही, मग हे पीक येतंय कशावर?

शनिवारी शाळा अर्धी. घरी येऊन तिनं दप्तर फेकलं, बाह्या सारल्या आणि ठरवलं की आज सगळ्यात मोठा खडक हलवायचाच. तो आत्याच्या खुर्चीच्या बाजूला होता आणि शेवाळ तिथेच सगळ्यात दाट. आत्या आत चपात्यांची कणीक मळत होती. निकितानं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. हिरवे केस मनगटाभोवती गुंडाळले गेले. "देवा, देवा, देवा," म्हणत तिनं खडक उचलला.

खालून एक गोळा वर आला.

राखाडी. फुगलेला. वर पांढरट साय धरलेली आणि सायीवर बुरशीचे तंतू. बोट लागताच तो फुटला, आतून आंबूस काळं पाणी आलं, आणि जो वास सुटला त्यापुढे आधीचे सगळे वास म्हणजे उदबत्ती. निकिताला जोराची उबळ आली. तिनं डोळे मिटले, तोंड बाजूला केलं, पुन्हा बघितलं. खडकाखाली तसे आणखी गोळे होते, एकावर एक चिकटून त्यांचा लगदा झालेला. त्यातल्या एका ताज्या गोळ्यावर बोटांचे ठसे होते. आणि गव्हाचा कोंडा.

ती लगदा मगात घेऊन तशीच थबाथबा पाणी गाळत स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, हे काय आहे?"

आत्यानं चष्मा वर केला, मगात डोकावली आणि पदर तोंडाशी नेला. "अगं ए! ओट्यापाशी कशाला आनलंस ते? ओकीन मी!"

"ओक! मी पण ओकते! कणीक आहे ही. तू घालतेस ना माशांना?"

परातीतल्या कणकेवर आत्याची मूठ तशीच राहिली.

"घालते," ती म्हणाली. "त्यात काय? आमच्याकडं नदीला गेलं की मानूस कनकेच्या गोळ्या घालतो माशास्नी. पुन्य असतं. तू घालतीस ती चिमूटभर भुकटी. तेवढ्यानं चिमनीचं बी पोट भरायचं न्हाई. आधी किडं चारत हुतीस, ते बंद झालं, मग बिचारी उपाशी मरत हुती. मी आले की कशी धावत येत्यात काचेपाशी! तुझ्याकडं येत्यात का?"

हे मात्र निकिताला झोंबलं. कारण ते खरं होतं. आत्या खुर्चीत बसली की जोकर मासे त्या कोपऱ्यात शेपट्या हलवत नाचायचे, आणि निकिताला वाटायचं, काळ्या चष्म्यात त्यांना आपलंच प्रतिबिंब दिसत असेल.

"रोज घालतेस?"

"रोज. एकादशी सोडून."

"नशीब!"

"एकादशीला भगर."

निकिताचा आ वासला. मध्यंतरी वाळूत पांढरे दाणे दिसले होते. गोगलगाईंनी अंडी घातली म्हणून ती आनंदानं घरभर नाचली होती, वर्गात पेढ्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या. ती अंडी म्हणजे आत्याची उपासाची भगर!

"आत्या ऽऽ!"

"वरडू नको. ऑपरेशन झालंय माझं."

"डोळ्याचं झालंय, कानाचं नाही!"

संध्याकाळी पप्पा आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि पप्पांनी नेहमी करायचं तेच केलं. "आक्का मोठी आहे, निके. तिला काही बोलायचं नाही. दोन आठवड्यांनी जाईल ती गावी. तोवर चालवून घे."

"उद्या ते अनीश येणार आहेत, पप्पा! दोन आठवडे कुठून आणू?"

पप्पांनी टीव्ही लावला.

रविवारी अनीश आला. निकिताला वाटलं होतं कुणी मेजरसाहेबांसारखा भारदस्त असेल. हा तर पाठीवर सॅक लावलेला, दाढी वाढलेला, कोपराला फाटलेल्या टी-शर्टातला काटकुळा माणूस निघाला. पाणीसुद्धा न घेता तो टाकीसमोर उकिडवा बसला. सकाळपासून निकितानं घासघास घासलं होतं तरी खडकांवर हिरवी लव होतीच. त्यानं एक झुपका उपटला, बोटांत चुरला आणि नाकाशी नेला. चक्क हुंगला.

"वा," तो म्हणाला. "चांगलं खाऊनपिऊन पोसलंय हे."

निकितानं नाक मुरडलं. हा माणूस आहे की काय!

मग त्यानं मिटलेलं प्रवाळ टॉर्च लावून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे गुदमरलंय. निकिता, साहेबांना मी खोटं सांगू शकत नाही. असंच चाललं तर महिनाभरात मासेपण जातील. डबे आणलेत मी. घेऊन जातो सगळं."

सॅकमधून प्लॅस्टिकचे डबे निघाले. जोकर मासे नेहमीसारखे कोपऱ्यात नाचत होते, त्यांना काय ठाऊक. रडली तर ती निकिता कसली!

"थांबा. एक मिनिट." ती मागे पळाली आणि तो कालचा मग घेऊन आली. ओट्याखाली झाकून ठेवलेला लगदा आता आणखी पिकला होता. झाकण काढताच अनीशसुद्धा मागे सरकला.

"बाप रे! काय आहे हे?"

"कणीक. खडकाखाली होती. मी काल सगळी काढली. निम्मं पाणी बदललं. शेवाळ कशावर वाढत होतं ते आत्ता कळलंय मला. आत्ताच कुठे कळलंय आणि तुम्ही निघालात घेऊन!"

"कणीक आली कुठून?"

पप्पांनी निकिताकडे बघत भुवया उंचावल्या, म्हणजे बोलू नकोस. खुर्चीत आत्या पदराचं टोक पिळत होती.

"घरातूनच," निकिता म्हणाली.

"मग ती पुन्हा येईल," अनीश सरळ म्हणाला. "मी अशा दहा टाक्या बघितल्यात. मुलं मन लावून करतात आणि घरातलं कुणीतरी प्रेमानं काहीतरी टाकतं. शेवाळ घासून काढता येतं गं. घरातल्या मोठ्या माणसाला 'घालू नको' म्हणता येणार आहे का तुला?"

निकितानं पप्पांकडे बघितलं. पप्पा पंख्याकडे बघत होते. शाळेत परिपाठाला पाचशे मुलांसमोर बोलताना तिचा आवाज कापला नव्हता. आत्ताची गोष्ट वेगळी होती. समोर कोण, तर तिच्या बारशाला जिनं नाव ठेवलं ती आत्या.

ती आत्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, यापुढे टाकीत काही घालायचं नाही. कणीक नाही, भगर नाही, प्रसादसुद्धा नाही. तुझ्या हातानं ते मरतायत. तू घालणार असशील तर मी आत्ता यांना सगळं देऊन टाकते. मला घाण वाटते त्या शेवाळाची, दोन महिने मी ते उपसतेय, उलटी दाबून उपसतेय. पण हे मासे मला हवेत."

"निके!" पप्पा ओरडले.

आत्यानं हात वर करून त्यांना गप्प केलं. काळा चष्मा काढला. तिचे डोळे लाल होते, ऑपरेशनमुळे की कशामुळे ते कळलं नाही.

"मरत्यात व्हय माझ्या हातानं?" तिनं अनीशला विचारलं.

"हो, मावशी. सडलेल्या कणकेनं पाणी नासतं."

आत्या माशांकडे वळली. "बरं. न्हाई घालायची," ती म्हणाली. "पन मग खुर्ची हलवा माझी. ते असं नाचत समोर येनार आन् मी हात आखडून बसनार, हे जमायचं न्हाई मला."

खुर्ची पप्पांनी हलवली, खिडकीपाशी.

अनीशनं मिटलेलं प्रवाळ तेवढं डब्यात घेतलं. साहेबांचं सगळ्यात आवडतं होतं ते. "हे माझ्याकडे जगलं तर परत आणीन. बाकीचं राहू दे. टाकी तुझी झाली असं म्हणत नाही अजून. दर रविवारी फोटो पाठव." निकितानं मान डोलावली. त्या रिकाम्या जागेकडे तिला बघवेना.

"आणि वाळूत बसलेला गाळ आजच उपसून टाक," असं म्हणत त्यानं सॅकमधून पारदर्शक पाइप काढला. "एक टोक वाळूवर, एक तोंडात. ओढायचं, पाणी येताना दिसलं की पटकन बादलीत सोडायचं. पटकन हं!"

निकितानं ओढलं. काही येईना. आणखी जोरात ओढलं. तेव्हा ते आलं आणि पटकन वगैरे काही सुचायच्या आत तोंडभर आलं: खारट, आंबूस, कोमट, दातांखाली करकरणारं, दोन महिन्यांची कणीक आणि गोगलगाईंची शी. ती धावत अंगणात गेली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी थुंकत, खाकरत, पुन्हा थुंकत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं.

"गिळलंस का गं?" आत्या खिडकीतून ओरडली.

"थोडं!"

"अरारा ऽऽ! अगं माळकऱ्याच्या घरची पोर तू!" आत्या स्वतः तांब्या घेऊन बाहेर आली, आणि निकितानं चूळ भरेपर्यंत नाक दाबून, शहारत तिथेच उभी राहिली.

आत येऊन बघतात तर पाइपमधली धार तुटलेली. अनीश नुसता बघत होता. निकितानं बाहीला तोंड पुसलं, एकदा मनापासून "शी" म्हटलं आणि पाइप परत तोंडात धरला.