ताईचा आजार

डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ताईनं शिवणकाम सोडलं. चाळीस वर्षं तिनं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. आता एकाहत्तरीत ती घरी असते आणि मी, तिची धाकटी बहीण, दुपारी औषधांच्या दुकानात काम करते. घरात आम्ही दोघीच.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. घरी येऊन पाहते तो ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. पुढ्यात पावाची रिकामी पिशवी, बिस्किटांचे तीन पुडे, जॅमची बाटली. चमचासुद्धा नाही, बोटांनीच चाललं होतं.

सहा महिने तिची साखर उतरत नाही म्हणून मी गोळ्यांना नावं ठेवत होते! ‘या वयात एवढी हाव?’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं, बरं झालं.

“भूक लागली होती,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. “खोटं गं. पोट फुटायला आलंय, पण हात थांबत नाही.”

मी शेजारी बसकण मारली. “कधीपासून?”

“काम सुटल्यापासून. तू गेलीस की घर खायला उठतं. मग मीही उठते खायला.”

रडता रडता दोघींना हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. ताई म्हणाली, “माझं तोंडच शिवून टाका.”

“आजी, हा हावरटपणा नाही, आजार आहे,” बाई म्हणाल्या. “सकाळी काय खाता?”

“काही नाही. आदल्या दिवसाची शिक्षा.”

“तिथंच चुकतंय. उपाशी राहिलात की दुपारी पुन्हा तेच.”

आता आम्ही सकाळी समोरासमोर बसून नीट जेवतो. दर मंगळवारी ताई असाच आजार असलेल्या बायकांच्या गटात जाते. पहिल्या दिवशी ती धापा टाकत घरी आली. “अगं, एक मुख्याध्यापिका आहे, रिटायर झालेली! न्हाणीघरात लपून केक खाते! मला वाटायचं, मीच एकटी बावळट.”

सगळं सुरळीत झालंय असं नाही. परवा तिचा दुकानात फोन आला. “हात चाललाय. बोल माझ्याशी.” समोर गिऱ्हाइकांची रांग होती. फोन मानेत धरून मी गोळ्या देत राहिले आणि कोणाचा खोकला कसा वाजतो ते तिला सांगत राहिले.

“अर्धा पुडा उरला,” शेवटी ती म्हणाली.

“शाब्बास, ताई.”

“लहान पोरीला म्हणावं तसं म्हणू नकोस,” ती फणकारली. पण फोन काही ठेवला नाही.