ज्योत्स्नाताईंचा उजवा कान

मी एक जुना हेडफोन आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला ज्योत्स्नाताईंच्या टेबलाच्या खालच्या खणात असतो. माझ्या गाद्यांचं कातडं सोललंय, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण मित्रांनो, माझ्या दोन्ही बाजू आजही ठणठणीत वाजतात. हे मुद्दाम सांगतो, कारण यावरूनच माझ्यावर आळ आला होता.

माझा कारखाना कुठला, ते मला माहीत नाही. खोक्यातून निघालो तो थेट ताईंच्या हातात. ताई कचेरीत टायपिस्ट. आई गेल्यापासून घरात एकट्याच. रविवारी त्या खेड्यापाड्यांतल्या बायांना घरी बोलावून त्यांची गाणी रेकॉर्ड करत. भिंतींवर गोधड्या टांगत, पंखा बंद करत. रेल्वेची शिटी वाजली की हात वर करून सगळ्यांना थांबवत.

बाया बसनं परत गेल्या की आमचं काम सुरू होई. गाणाऱ्या बाईचा आवाज, ढोलकी, टाळ्या, सगळं कॉम्प्युटरवर वेगवेगळं असे. कुणाला पुढं आणायचं, कुणाला मागं बसवायचं, कुणाला डावीकडं, कुणाला उजवीकडं, हे ताई ठरवत. याला मिक्सिंग म्हणतात. मग सगळ्या गाण्याचा आवाज नीट बांधायचा, म्हणजे ते मोबाइलवर वाजो की ऑटोत, ऐकणाऱ्याला गोडच लागावं. ते मास्टरिंग. "तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही रे," असं ताई मला म्हणत. त्या घरात त्या दुसऱ्या कुणाशी बोलतच नसत.

काम संपलं तरी त्या मला उतरवत नसत. घर सुनं वाटे. स्वयंपाक करताना, जेवताना मी त्यांच्या कानांवर असे, आणि आवाज वाढतच जाई. माझे पडदे थरथरत. मला बरं वाटे. आपण कुणाला तरी हवे आहोत, असं वाटे.

खैरलांजीकडच्या एका गावाहून दुर्गाबाई आल्या तेव्हाची गोष्ट. त्यांनी रोवणीचं, म्हणजे भाताची रोपं लावतानाचं गाणं म्हटलं. "आता रोवणीले मशीन येते," त्या म्हणाल्या. "गानं कोन म्हनते? माह्यासंगंच जाईन हे." ताईंनी त्यांना शब्द दिला, की हे गाणं मी नीट करून देईन.

पण गाणं जमेना. ताईंना उजवी बाजू बारीक वाटे, त्या ती वाढवत, पुन्हा वाढवत. शेवटी त्यांनी मला टेबलावर आदळलं. "तूपण बिघडलास ना!" मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. पण सांगू कसं? मला फक्त दुसऱ्यांचा आवाज पोचवता येतो. मी खणात गेलो. नवा हेडफोन आला. तीनच दिवसांत ताई त्याच्यावरही चिडलेल्या ऐकू आल्या.

पुढच्या रविवारी दुर्गाबाई गाणं ऐकायला आल्या. नवा ताईंच्या कानांवर होता, म्हणून मला बाहेर काढून दुर्गाबाईंच्या कानांवर चढवलं. गाणं सुरू झालं आणि त्या दचकल्या.

"अवो बाई, ह्या उजव्या कानात त ढोलकी डोकं फोडून राह्यली! डाव्यात काहीच नाही. असं काहून केलं?"

"मावशी, मला तर दोन्हीकडं सारखं येतंय."

"नाही वो. तुमाले खरंच सारखं येते?"

 ताईंनी मला घेतलं, नुसता दुर्गाबाईंचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा ठेवून लावला, आणि मला उलटं घातलं. डावा उजव्यावर, उजवा डाव्यावर. तरीही आवाज उजव्याच कानात बारीक. नव्यालाही तसंच उलटं घालून पाहिलं. मग त्यांनी आम्हा दोघांनाही हळूच टेबलावर ठेवलं.

"मावशी, बिघाड माझ्या कानात आहे."

गोंदियाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजानं कान थकले, उजवा जास्तच, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. तो आवाज कुणी पोचवला होता? मीच. ज्या कानाला मी सोबत दिली, तोच कान मी घेतला. ताईंनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. जुन्या ओढणीत गुंडाळून खणात ठेवलं.

वाटलं, आता गाणं अर्धवटच राहिलं. पण दुर्गाबाई परत आल्या. छोटे स्पीकर टेबलावर ठेवून त्या ताईंच्या उजव्या बाजूला बसल्या. "ढोलकी कमी करा. अजून. हौ, आता बरं!" ताई विचारत, मावशी सांगत. मध्ये चहा झाला. त्या घरात इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. चार रविवारांत गाणं पुरं झालं.

मी ते खणातून, लाकडाच्या आडून ऐकलं. आजवर प्रत्येक गाणं माझ्यातून गेलं होतं. हे माझ्यावाचून वाजलं, आणि सुरेख वाजलं. गाणं थांबल्यावर दुर्गाबाई रडत होत्या, आणि ताई त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

मित्रांनो, माझ्या भावंडांना कानांवर जरूर घ्या, पण आवाज थोडा कमी ठेवा आणि अधूनमधून आम्हाला उतरवून ठेवा. घर सुनं वाटलं तर दार उघडून कुणाला तरी हाक मारा. आम्ही गाणं पोचवतो; "बाई, तुमाले खरंच सारखं येते?" असं विचारायला माणूसच लागतं.