अंगठ्याखालचा प्रश्न

"पाव्हणे बघायला आल्यासारखी मान काहून खाली घालून राहिली?" भाकरी थापता थापता पद्माबाई लेकीवर कुरकुरली.

चार दिवसांनी शीतल फौजेत अफसर व्हायच्या मुलाखतीला हिंगोलीहून गाडी धरणार होती. तालमीसाठी तिचे वडील मुंजाजी खुर्चीत साहेब होऊन बसले होते.

शीतल पुन्हा आत आली. मान ताठ, पण हातात सवयीनं चहाचा कप.

"साहेबाला चहा न्यायचा नसतो, बाई!" पद्माबाई म्हणाली.

मुंजाजींनी कागदावरचे प्रश्न विचारले. एक प्रश्न मात्र ते रोज अंगठ्याखाली झाकायचे, हे पद्माबाईला ठाऊक होतं.

"बाबा, तोही विचारा," शीतल म्हणाली.

मुंजाजींनी अंगठा बाजूला केला. "लढाईत मरायची भीती वाटते का?"

"न्हाई, सर."

पद्माबाईचा हात परातीतच थांबला.

"तिला न्हाई वाटत, साहेब. मला लई वाटून राहिली."